गुजरीतला कस

पिशवी उघडा आधी, गुदमरलंय ते.
ठेवा इथं काचेवर. काट्यावर नको, काट्यावर नको म्हटलं ना.
कितीला घेतलं? अठरा हजार?
उचगावच्या पुलाखाली, गाडीच्या डिकीतून,
आणि तो म्हणाला, ओरिजनल पॉम.
म्हणणारच. ऐकणारा भेटला की
पितळसुद्धा म्हणतं.

आमच्या आप्पा पोतदारांनी
याच फळीवर बसून चाळीस वर्षं सोनं घासलं काळ्या दगडावर,
आणि दुकान मिटलं की त्याच बोटांनी कुत्री तपासली.
बोट नाकाच्या शेंड्यापासून कपाळाच्या खाचेपर्यंत न्यायचे:
"एका पेरात संपलं, कान इवलेसे, शेपूट पाठीवर सपाट, तर पॉम.
जरा लांबलं, कोल्ह्याच्या वळणावर गेलं, तर जर्मन स्पिट्झ.
एकाच घरातले दोघं, नुसत्या वाटण्या झाल्यात.
दुधासारखं पांढरं, ओठांना काजळ, तर जपानी.
त्याला दुसरा रंग माफ नाही.
आणि नाक लांब, कान मोठे, केस विरळ,
चपातीच्या तुकड्यावर पंधरा वर्षं काढणारं,
दारात पोस्टमन आला की अख्खी शुक्रवार पेठ उठवणारं,
ते आपलं. इंडियन.
लई गुणी. फक्त पावतीवर त्याचं नाव कोण लिहीत नाही."

मग खोटी.
मागच्या पायाची वाटी अंगठ्यानं सरकते का.
(तीन पायांवर उड्या मारत जिना चढतं ते लाडात नसतं, बाळा, दुखतंय त्याला.)
खालचा जबडा पुढं आलाय का.
नर असेल तर दोन्ही उतरलेत का, हे ते
गिऱ्हाइकाच्या बायकोसमोरही विचारायचे,
बांगडीचं माप विचारावं तसं.
गळ्याशी कान लावायचे:
बदक ओरडल्यासारखा खोकला, म्हणजे आतली नळी चपटलेली.

एवढं कळणारा माणूस.
त्यालाही हाव सुटली.

पुण्याहून फोन यायचे: अजून लहान नाही का, चहाच्या कपात मावेल असं?
तोळा ही आमची मादी. मासा तिचा लेक, आईहून बारीक.
आप्पांनी दोघांना एकत्र सोडलं
आणि आईशी आठ दिवस बोलले नाहीत,
खरं तर तीच बोलत नव्हती.

तीन पिल्लं. दोन पहाटेपर्यंत गेली.
तिसरं आप्पांनी याच काट्यावर ठेवलं:
अडुसष्ट ग्रॅम.
म्हणून गुंज.

दोन महिन्यांनी डोकं चाचपताना
त्यांचं बोट एका जागी थांबलं.
खाली हाड नव्हतं.
कातडी, आणि कातडीखाली
धडधड.
टाळू भरलीच नव्हती तिची.

पुणेवाले चाळीस हजार घेऊन दारात आले.
सगळ्यांत लहान तीच हवी म्हणाले.
आप्पा कितीतरी वेळ काटाच पुसत बसले.
मग म्हणाले, "सोन्यातली खोट आटवून काढता येते, साहेब.
हिला कशात आटवू?"

चार वर्षं ती मखमलीच्या ट्रेमध्ये झोपली,
जिथं आधी कर्णफुलं ठेवायचो.
घरात कुणी दार आपटत नव्हतं.
तिच्यानंतर आप्पांनी कुत्र्यांची वही मिटली.
सोनं घासत राहिले, पण भाव सांगताना
आवाज खाली यायचा.

द्या इकडं.
वाट्या घट्ट आहेत. दात बरोबर.
नाक? बघा ना, माझं दीड पेर झालं, अजून संपत नाही.
पॉम नव्हे हे, सात-आठ किलोपर्यंत जाईल, भुंकेल,
सोफ्याचा कोपरा खाईल.
अठरा हजार गेले तुमचे. कुत्रं मात्र आलंय.

थांबा, डोकं राहिलं.

हां.

भरलीय.

नाही, काही नाही, माझंच बोट आहे,
उचलते.
नाव काय ठेवणार म्हणालात?
तोळा नका ठेवू.
दुसरं काहीही ठेवा.